स्ट्रोकनंतर घरी आणलेल्या वडिलांची शुश्रूषा: आधी झोपेचं बघा, मग पाठीचं

कोपरखैरण्याच्या एका मुलीने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ७१ वर्षांचे, वजन साठेक किलो, मधुमेह जुना. मेंदूत गुठळी अडकून उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळतं. दोन आठवड्यांनी घरी सोडलं. नाकातून पोटात अन्न द्यायची नळी म्हणजे राइल्स ट्यूब, लघवीला नळी म्हणजे कॅथेटर. दिवसा ब्युरोची मावशी, रात्री ती आणि भाऊ आलटून पालटून. डिस्चार्जच्या कागदावर फक्त औषधं लिहिलीत, मग रोज नेमकं काय करायचं, हा तिचा पहिला प्रश्न. माकडहाडावर लालसर चट्टा दिसतोय, त्याला काय लावू, हा दुसरा. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय: "कालपासून बाबा शांत झोपतात, हाक मारली की डोळे उघडतात आणि पुन्हा झोपतात. मावशी म्हणतात आराम मिळतोय. बरंच ना हे?"

मी मेडिकल वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली आणि आता ठाण्यापासून नेरूळपर्यंत घरोघरी जाऊन असे रुग्ण बघते. म्हणून सांगते, शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी घ्यायला हवा.

परवापर्यंत जागा असणारा माणूस कालपासून पेंगतोय, हा आराम नाही, हा बदल आहे. वयस्कर माणसाच्या छातीत किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही, खोकला येईलच असंही नाही. पुष्कळदा पहिली खूण हीच असते: माणूस गप्प होतो, झोपाळू होतो, ओळख विसरतो किंवा उलट रात्रभर बडबडतो. गप्प होणारा रुग्ण कुणाला त्रास देत नाही, म्हणून तोच दुर्लक्षित राहतो. हे वाचलंत की आधी ग्लुकोमीटर काढा. साखर ७० च्या खाली असेल तर झोपेचं कारण तेच असू शकतं. बाबांना नळी आहे, तर डोकं उंच करून, नळी जागेवर असल्याची खात्री करून तीन चहाचे चमचे साखर अर्धा कप पाण्यात पूर्ण विरघळवून नळीतून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. तोंडात काही ओतू नका. साखर वर आली तरी डॉक्टरांना फोन कराच, कारण ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर काही तासांनी साखर पुन्हा घसरू शकते.

साखर बरोबर असेल तर श्वास मोजा. घरोघरी ऑक्सिमीटर असतो, बीपीचं मशीन असतं, पण श्वास कुणी मोजत नाही, आणि बिघडणाऱ्या रुग्णात अनेकदा आधी श्वासच बदलतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा, नजर पोटावर आणि छातीवर ठेवा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, अशा रुग्णाचा श्वास एकसारखा नसतो. १२ ते २० ठीक. त्याच्या वर गेला तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. २५ किंवा जास्त असेल तर ऑक्सिमीटर ९६ दाखवत असला तरी वाट बघू नका, दवाखान्यात न्या. शरीर धापा टाकून ऑक्सिजन टिकवून धरतं तोवर आकडा चांगला दिसतो. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नको, नखावर मेंदी किंवा रंग नको, आणि ज्या हातावर बीपीचा पट्टा फुगतोय तो हात नको.

साखर, श्वास, ताप, बीपी, गेल्या बारा तासांतली लघवी, आणि "कालपासून पेंगतात" हे वाक्य. एवढं कागदावर लिहून आजच डॉक्टरांना फोन करा. नुसतं "बाबांना बरं वाटत नाही" म्हणालात तर उद्या या म्हणतील. आकडे सांगितलेत तर निर्णय लवकर होतो. हाक मारूनही उठत नसतील, तर फोनाफोनी न करता थेट न्या.

आता पाठ. चट्ट्याला काय लावायचं याचं उत्तर: काही नाही. त्यावरचा भार काढायचा. बोटाने चट्टा तीन-चार सेकंद दाबा आणि सोडा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर रक्त अजून खेळतंय, भार काढला की काही तासांत निवळेल. लालच राहिला, तर आतली जखम सुरू झाली असं समजा. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही कित्येकदा, तिथे बाजूच्या कातडीशी ताडून बघा: जागा जास्त काळपट किंवा जांभळट आहे का, हाताला गरम, कडक किंवा पोचट लागते का. खिडकीच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली फसगत होते. लाल जागेवर मालीश करायची नाही. खोबरेल तेल, स्पिरिट, पावडर यांतलं काही चोळायचं नाही. आत नाजूक झालेलं मांस चोळल्याने आणखी फाटतं. मधे भोक असलेली गोल उशी घेऊ नका, ती कडेने रक्त अडवते.

कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. एअर बेड घेतलात तर फार चांगलं, पण तो कूस बदलण्याच्या ऐवजी नाही. आणि वीज गेली की त्यातली हवा उतरते, तेव्हा माणूस कडक पत्र्यावर पडल्यासारखा राहतो. पावसाळ्यात रात्री वीज गेली तर आधी बाबांच्या पाठीखाली हात घालून बघा.

कूस कशी बदलायची ते नीट सांगते, कारण घरी इथेच गडबड होते. माणसाला ओढायचं नाही. खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी एक चादर दुमडून आडवी अंथरून ठेवा, आम्ही तिला ड्रॉ शीट म्हणतो. दोघांनी दोन बाजूंनी ती गुंडाळून घट्ट धरायची, "एक, दोन, तीन" म्हणून उचलून सरकवायचं. मग पलीकडचा गुडघा दुमडा, एक हात कुल्ल्यावर, एक खांद्याच्या पात्यावर, आणि आपल्याकडे वळवा. पूर्ण नव्वद अंशात आडवं केलंत तर सगळा भार मांडीच्या हाडावर येतो. तीसेक अंश पुरे: पाठीमागे दुमडलेली उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. टाचांखाली काही ठेवायचं नाही. पोटरीखाली लांबीने उशी द्या, टाच हवेत राहायला हवी, टाचेखालून कागद सहज सरकला पाहिजे. मधुमेह असलेल्या माणसाच्या टाचेची जखम भरायला फार वेळ लागतो, म्हणून टाच रोज बघायचीच. कानामागे, कोपराला, आणि जिथे ट्यूबची पट्टी नाकपुडीला घासते तिथेही बघा.

उजवा हात धरून कधीही उठवू नका. लुळ्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, ओढला की सांधा खाली उतरतो, आणि मग व्यायाम करताना माणूस कळवळतो. त्या हाताखाली उशी, तळवा उघडा. तो हात अंगाखाली दाबला गेला तरी त्यांना कळणार नाही, तुम्हालाच बघायला हवं.

मालीशवाला लावू का, असं पुष्कळ घरी विचारतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, पोटरी दुखरी किंवा गरम असेल तर अजिबात हात लावू देऊ नका. त्या शिरेत गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. तशी सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. एरवीसुद्धा मालिशीपेक्षा फिजिओथेरपिस्टवर खर्च करा. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून दोन-तीनदा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, धरून बसवा. पहिल्यांदा बसवण्याआधी आणि नंतर बीपी बघा, घेरी येऊ शकते. बसलेल्या माणसाची छाती मोकळी होते, पोट साफ होतं, आणि त्याला घर पुन्हा सरळ दिसतं. याचं मोल औषधाइतकंच आहे.

आता नाकातल्या नळीकडे येते. घरी आणलेले स्ट्रोकचे रुग्ण छातीत अन्न, लाळ, पाणी जाऊन पुन्हा भरती होतात, हे मी सगळ्यात जास्त पाहिलंय. ट्यूबवर आकडे असतात. आज नाकपुडीपाशी कोणता आकडा आहे तो वहीत लिहा आणि भिंतीवरही चिकटवा. प्रत्येक फीडच्या आधी तो आकडा बघायचा, तोंड उघडून घशात नळीची गुंडाळी झाली नाही ना ते टॉर्चने बघायचं, सिरिंजने थोडं ओढून पोटातलं पाणी येतं का बघायचं. सिरिंजने हवा सोडून पोटावर 'गुडगुड' ऐकायची जुनी पद्धत आहे, तिच्या भरवशावर राहू नका. नळी छातीत असली तरी तसा आवाज येऊ शकतो. आकडा हललाय, खोकला येतोय, आवाज घरघरतोय, तर फीड द्यायचं नाही. नळी निघाली तर घरी कुणीही परत घालायची नाही, मावशीनेही नाही. एक फीड चुकलं तर माणूस तगतो. नळी छातीत जाऊन फीड गेलं तर जिवावर बेततं. फक्त त्या वेळचं इन्सुलिन किंवा साखरेची गोळी द्यायची की थांबवायची ते फोन करून विचारा.

फीड देताना आधी कूस बदलणं, डायपर बदलणं उरकून घ्या. भरल्या पोटी हलवलं की वर येतं. मग पलंगाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर, पण त्याआधी गुडघ्यांखाली उशी. नुसतं डोकं वर केलं की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी चादरीवर ओढली जाते. तुमच्याकडचा लाल चट्टा यामुळेही असू शकतो. सिरिंजचा दट्ट्या काढा, नुसती नळकांडी लावून उंच धरा आणि वजनाने जाऊ द्या. १५-२० मिनिटं लागू देत. दट्ट्याने ढकलू नका. एका वेळी साधारण २०० मिली, बाकी डाएटिशियनने सांगितलं असेल तसं. भाताची पेज, मुगाचं कढण, नाचणीची पातळ आंबील, ताक, दूध सगळं चालतं, पण बारीक गाळणीतून दोनदा गाळून. कढणातली एक डाळ नळी बंद पाडते. आधी आणि नंतर ३० मिली साधं पाणी. त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर डोकं वरच.

गोळ्या कुटून नळीतून देताय तर प्रत्येक गोळी वेगळी कुटा, वेगळी द्या, मधे थोडं पाणी. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असं काही असेल, किंवा गोळीवर पोटात न विरघळणारं आवरण असेल, तर ती कुटायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. आवरणाची अ‍ॅस्पिरिन आणि पँटोप्राझोल अशाच कुटल्या जातात घरोघरी. सगळी पाकिटं घेऊन केमिस्टकडे जा आणि 'नळीतून द्यायचंय, यातलं काय कुटायचं नाही' असं स्पष्ट विचारा. बदलून काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही मनाने बंद करू नका.

तोंडाने काही जात नाही म्हणून दात घासायचे नाहीत, असं करू नका. उलट आहे. न वापरलेल्या तोंडात जंतू वाढतात आणि लाळेबरोबर छातीत उतरतात. मऊ ब्रश, अगदी थोडी पेस्ट, डोकं वर आणि एका कुशीला, सकाळ-संध्याकाळ. चूळ भरता येणार नाही, ओल्या कापडाने पुसून घ्या. उजव्या गालात बोट फिरवून काही अडकलं नाही ना बघा, त्या गालाला त्यांना जाणीव नसेल. कवळी रात्री काढा. आणि 'एक घोट चहाने काय होतंय' असं कुणी पाहुण्याने म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय घोटभरही नाही.

कॅथेटरची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. कूस बदलताना पिशवी पोटावर ठेवतात, तेव्हा जुनी लघवी उलटी आत जाते. नळी मांडीला पट्टीने बांधलेली हवी, नाहीतर वळवताना ओढली जाते. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, आधी आणि नंतर हात साबणाने धुवा. जोड उगाच उघडू नका. रोज साबण-पाण्याने पुढची जागा धुवायची, नळी अंगाकडून बाहेरच्या दिशेने पुसायची. पुरुष रुग्णाची एक गोष्ट लाजेपोटी कुणी सांगत नाही: धुताना पुढची कातडी मागे घेतलीत तर धुऊन झाल्यावर ती आठवणीने पुन्हा पुढे आणायची. मागेच राहिली तर सूज येऊन अडकते आणि धावपळ होते. मावशीलाही हे स्पष्ट सांगा.

साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली लघवी व्हायला हवी. चार-पाच तासांत १०० मिलीही नसेल तर आधी नळीला कुठे पीळ बसलाय का, अंगाखाली दबलीय का बघा, ओटीपोट फुगलंय का हाताने बघा. पोट फुगलंय आणि पिशवी रिकामी, तर नळी तुंबलीय, सिस्टरला लगेच बोलवा. पोट मऊ असूनही लघवी कमी, तर पाणी कमी पडतंय किंवा आजार वाढतोय, डॉक्टरांना कळवा. लघवी गढूळ किंवा वासाची आहे एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करू नका. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं किंवा आत्ताच्यासारखी पेंग सोबत असेल तर मात्र नक्की कळवा.

संडासचं थोडक्यात. तीन-चार दिवस झाली नाही आणि मग पातळ थोडं थोडं गळायला लागलं, तर ते जुलाब असतीलच असं नाही. आत खडा अडकून बाजूने पाणी येत असतं. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली की आणखी बिघडतं. डायपर ओला झाला की लगेच बदला, साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. एकावर एक दोन डायपर घालू नका, उष्णता आणि भार दोन्ही वाढतात.

इन्सुलिन बाटलीतून देत असाल तर सिरिंज नीट बघून घ्या. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या (एका मिलीत ४०) असतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज. पेनची काडतुसं १०० युनिटची असतात, आणि नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट इकडे किंवा तिकडे जातो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी ताडायचा. फीड जाणार नसेल तर विचारल्याशिवाय इन्सुलिन द्यायचं नाही.

मावशीबद्दल. ब्युरोची मावशी बहुधा प्रशिक्षित नर्स नसते. नर्स म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली व्यक्ती. ब्युरोवाले 'सिस्टर पाठवतो' म्हणतात तेव्हा नोंदणी विचारा. मावशीकडून स्पंजिंग, कूस, डायपर, तोंडाची निगा हे सगळं उत्तम करून घेता येतं. इन्सुलिन, नळी घालणं, जखमेचं ड्रेसिंग तिच्यावर टाकू नका, तो तिच्यावरही अन्याय आहे. तिला वेळेवर जेवण आणि दुपारी तासभर पाठ टेकायला द्या. बारा तास माणूस उचलणाऱ्या बाईचीही कंबर असते.

सकाळी आणि रात्री पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णाची सगळी माहिती, पलंगापाशीच द्यायचा, दारात चपला घालता घालता नाही. दोघींनी मिळून चादर बाजूला करून पाठ आणि टाचा बघायच्या, पिशवी बघायची, नळीचा आकडा बघायचा, वही वाचायची. वही साधी दोनशे पानी चालेल: वेळ, कोणती कूस, किती फीड, किती लघवी, संडास, साखर, श्वास, आणि शेवटचा रकाना 'आज वेगळं काय'. तो रकाना रिकामा सोडायचा नाही, काही नसेल तर 'कालसारखंच' लिहायचं. कालची पेंग तिथे लिहिली गेली असती तर आज तुम्हाला आम्हाला विचारावं लागलं नसतं.

बाबांशी बोलत राहा. उजवी बाजू गेली की बरेचदा बोलणं जातं, पण समजणं पुष्कळ शिल्लक असतं. त्यांच्या पलंगापाशी उभं राहून खर्चाचं, कंटाळ्याचं बोलू नका. 'दुखतंय का' याला मान हलवता येईल असे प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. कूस बदलताना आधी सांगा, मग हात लावा.

पुन्हा स्ट्रोकची लक्षणं दिसली, म्हणजे तोंड आणखी वाकडं, डावा हात-पाय ढिला, बोलणं एकदम बंद, तर शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. नुकत्याच स्ट्रोक झालेल्या माणसाला ते चालेल का हे डॉक्टर ठरवतील, पण वेळ तुमच्या हातात आहे. रात्री सीटी स्कॅन कुठे चालू असतं ते आजच वाशी-नेरूळच्या दोन ठिकाणी फोन करून विचारून ठेवा. सिडकोच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत राहत असाल तर उतरवायची सोयही आज ठरवा: हाताची मजबूत खुर्ची, बांधायला दोन ओढण्या, आणि बोलावल्यावर येतील अशी शेजारची दोन माणसं. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर किती वेळ जातो ते तुम्हाला माहीतच आहे, जिन्यात आणखी अर्धा तास घालवू नका.

फॉलोअपला जाताना वही घेऊन जा आणि दोन गोष्टी स्वतःहून विचारा: गिळण्याची तपासणी कधी, आणि कॅथेटर अजून लागतंय का. ते काढण्याजोगं असलं तरी कुणी विचारलं नाही म्हणून महिनोन्‌महिने राहून जातं. काढलं, तर घरी आल्यावर लघवीची वेळ लिहा. सहा ते आठ तासांत झाली नाही किंवा ओटीपोट ताणलं, तर रात्र काढू नका, पुन्हा दाखवा.